ओल्या गोळ्यावरचा अंगठा

या पानावर येणारे अनुभव मी नेमाने वाचते, आणि त्यांतल्या एकावरही आजवर माझा विश्वास बसलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मराठी कवितेत एम. ए. केलेल्या बाईला प्रतिमा कशी रचतात ते ठाऊक असतं. कुणी लिहितं, 'वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी होती' — आणि माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, एवढ्या काळोखात साडीचा रंग दिसला कसा? मग तो परिच्छेद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं हसायचो.

आता हसायची पाळी तुमची. जरूर हसा... फक्त एवढं ध्यानात घ्या की जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उजेडात घडलं, आणि पाहणारी मी एकटी नव्हते.

मी एका सरकारी कंपनीत राजभाषा अधिकारी आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही. नोकरी अजून बाकी आहे. डोंगरातून लोहखनिज काढायचं, त्याची पिठासारखी भुकटी करायची, भुकटीचे बोराएवढे गोळे वळून भट्टीत भाजायचे आणि पोलाद बनवणाऱ्यांना विकायचे, हा आमचा व्यवसाय. या गोळ्यांना पेलेट म्हणतात. खाणी आणि मोठा कारखाना दूर, दुसऱ्या राज्यात आहेत. कोल्हापुरात आहे ते एक लहानसं चाचणी केंद्र — महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीत, दोन फाउंड्र्यांच्या मधे दडपून बसलेलं, पत्र्याच्या छपराचं. कुठल्या डोंगराच्या भुकटीचे गोळे नीट होतात आणि कुठल्या नाहीत, एवढंच आम्ही इथे पाहतो.

माझं काम त्याहूनही लहान. परिपत्रकांची भाषांतरं करायची, हिंदी पंधरवड्यात निबंध स्पर्धा घ्यायची, आणि रोज सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर 'आजचा शब्द' लिहायचा. त्या फळ्याकडे कुणी बघत नाही. कागदांच्या या कोरडेपणाला कंटाळून मी अधूनमधून, दुपारच्या चहानंतर, चाचणीच्या खोलीत जाऊन उभी राहायची. तिथे परात होती.

परात म्हणजे गोळे वळणारं यंत्र. पुरुषभर उंचीची लोखंडी थाळी, तिरकी उभी केलेली, संथ फिरणारी. तिच्यात तांबूस-काळी भुकटी पडते, वरून पाण्याचा बारीक फवारा येतो, आणि घरंगळता घरंगळता त्या भुकटीचे कण एकमेकांना धरू लागतात. आधी मोहरीएवढे, मग वाटाण्याएवढे. अंगावर भुकटी घेत घेत बोराएवढे झाले की काठावरून आपणच खाली उतरतात. त्याचा आवाज होतो, वाळूवरून ओसरणाऱ्या पाण्यासारखा, फक्त हे पाणी ओसरून संपत नाही. आणि वास... तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा, पण त्याच्या तळाशी काहीतरी खारट, ओठ फुटल्यावर जिभेला लागतं तसलं. तो वास मला आवडायचा. आता तो पदराला लागला तरी मी साडी बदलते.

परातीवर दोघं काम करत. सकाळच्या पाळीत मुरगूडहून येणारी संगीता. ती कंत्राटावर होती आणि कायम होण्याची वाट पाहत होती. दुपारच्या पाळीत मल्लाप्पा. मल्लाप्पा कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावचा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज असा मोठा की शेजारच्या फाउंड्रीतले लोक त्याच्या बोलण्याला उत्तरं देत. कानडी आणि मराठी तो एकाच वाक्यात वापरायचा. मला अक्का म्हणायचा, मी त्याला अण्णा.

"या अक्का, बसा की! आज बगा कसं पडाय लागल्यात. लेकराच्या गालागत!"

त्याला स्वतःच्या हाताचा भारी गर्व होता. भुकटीत पाणी किती हवं हे यंत्रावरचा काटा सांगतो, पण परातीवरची माणसं काट्यावर विश्वास ठेवत नाहीत. पहिला तयार गोळा उचलायचा, अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबायचा. पाणी बरोबर असेल तर अंगठ्याचा ठसा उमटतो आणि गोळा फुटत नाही. मग तो दाबलेला गोळा चुरून परत परातीत टाकायचा. ही त्यांची रीत. मल्लाप्पा कधीकधी तो गोळा माझ्यापुढे धरायचा, "दाबा अक्का, तुमी बी बगा!" म्हणायचा. मी नाही म्हणायची. तो रंग नखांच्या कडेला बसला की दोन दोन दिवस जात नाही. त्या परातीतल्या एकाही ओल्या गोळ्याला मी तोवर कधी बोट लावलेलं नव्हतं. हे वाक्य पुढे आठवत राहा, एवढी विनंती आहे.

*

शाहूवाडीकडच्या डोंगरातली भुकटी आली ती गेल्या हिवाळ्यात. तिथे खाण काढायची की नाही हे ठरायचं होतं आणि पहिली चाचणी आमच्याकडे होती. ओला गोळा ठरलेल्या उंचीवरून लोखंडी पत्र्यावर पुन्हा पुन्हा टाकतात. लवकर तडकला तर भुकटी नापास. या भुकटीचे गोळे बरे निघत होते. पहिली खेप भाजून मुख्यालयाला गेली, उरलेल्या पोत्यांवर चाचण्या चालू राहिल्या, आणि कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

मग एक दिवस माझ्या खोलीत कामत आले. मुख्यालयाच्या दक्षता विभागाचे अधिकारी; कंपनीत कोण लबाडी करतं ते शोधणं हे त्यांचं काम. मृदू बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले, हातात कायम रुमाल. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि माझ्याच टेबलावर एका बशीत भाजलेले गोळे ओतले.

"काय दिसतं, मॅडम?"

मी एक उचलला. थंड, खरखरीत, आकाराच्या मानाने जड. एका अंगाला उथळसा खळगा होता. दुसरा उचलला, त्यालाही होता. तिसऱ्यालाही.

"दाबल्यासारखे दिसतात."

"अंगठ्याने," कामत म्हणाले. "परातीत फिरणाऱ्या गोळ्यावर खळगा राहील का? घरंगळताना तो भरूनच निघणार. म्हणजे हे परातीतले नाहीत. कुणीतरी हाताने वळलेत. हाताने वळताना बांधणारी चिकट माती दुप्पट घालता येते, हवं तेवढं दाबता येतं. असला गोळा आपटला तरी फुटत नाही. गोळा पास झाला की डोंगर पास."

"पण सगळे इतके..."

"सगळे नाहीत. फक्त दुपारच्या पाळीतले. आणि तेही रोजचे नाहीत — मधूनमधून. माणूस सावध आहे." त्यांनी रुमालाने बोटं पुसली. "चौकशीत दुसऱ्या विभागाचा एक अधिकारी लागतो. तुमचं नाव दिलंय."

दुपारची पाळी म्हणजे मल्लाप्पा. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते त्याचे. आरोप सिद्ध झाला तर निलंबन, आणि त्या वसाहतीत, जिथे फाउंड्रीतल्या पोरांना तो 'माजा हात बगा' म्हणून हात दाखवायचा, तिथून मान खाली घालून जाणं.

कामतांनी त्याला बोलावलं. तो हसत आत आला, हात पुसत.

"पावणं, च्या घेतलासा न्हवं?"

कामतांनी बशी त्याच्यापुढे सरकवली आणि आरोप सांगितला. मल्लाप्पाचं हसू एकदम गेलं नाही. विसरून राहिलेल्या दिव्यासारखं थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. त्याने एक गोळा उजेडात धरला, खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला.

"म्या दाबल्यालं न्हाय."

"मग कुणी दाबले?"

"मला काय ठावं? म्या परातीतनं काढलं, टिरेमधी भरलं, भट्टीला दिलं. ह्या लिंगाची आण." त्याची मूठ छातीशी गेली. मग आवाज चढला. "हातानं वळायचं आसतं तर मला ही परात कशाला पायजे हुती? लाडवाचं दुकान काडलं नसतं का मी? अक्का, तुमी सांगा की ह्यास्नी! तुमी बगत उभ्या आसतासा न्हवं?"

मी काहीच बोलले नाही. मी परात बघत असायची, मल्लाप्पाला नव्हे. गोळे भरायच्या ट्रेपाशी पाठमोरा उभा राहून तो काय करतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तो गेल्यावर कामत म्हणाले, "मोठ्याने बोलणारा माणूस खरं बोलतो असं आपल्याला वाटतं, नाही?"

*

संशय हा वासासारखा असतो. एकदा खोलीत शिरला की कुठून येतो ते शोधावं लागत नाही, जिथे जाल तिथे येतो. दुसऱ्या दिवसापासून मल्लाप्पाचं सगळंच मला वेगळं दिसू लागलं. तो हात धुवायला इतका वेळ का लावतो? पाळी बदलताना मी दिसले की संगीताचं आणि त्याचं बोलणं का थांबतं? चिकट मातीच्या पोत्याचं तोंड उघडं का? त्याच्या नजरेआड राहून पाहावं म्हणून मी आता रोजच तिथे जाऊ लागले. दाराशी, कपाटाच्या आडोशाला उभी राहायची. तो परातीवर वाकलेला; भुकटी घसरत, घरंगळत, गोल होत. त्याने एकही गोळा हाताने वळलेला मला दिसला नाही. मला वाटलं, मी आहे हे त्याला कळतं.

आणि त्या सबंध आठवड्यात, रोजच्या रोज, ट्रेमधले गोळे खळग्यांचे निघाले.

"बघा," कामत म्हणाले. "आपण इथे असताना! धाडस वाढलंय."

भट्टीत जायच्या आधीचा, ओला गोळा मी तेव्हा प्रथम नीट पाहिला; कामतांनी कागदावर घेऊन दाखवला. ओल्या गोळ्यात ठसा फार स्पष्ट होता. अंगठा अरुंद होता. बारीक रेषांची भोवरी, आणि तिच्यावरून तिरकी गेलेली एक खोल रेघ. मल्लाप्पाचा अंगठा रुंद, चपटा. कामत म्हणाले, ओली माती सुकताना आवळते, तेवढ्याने ठरत नाही. मला ते पटलं. पटवून घ्यायची इच्छा होती म्हणून पटलं असेल.

शेवटी कामतांनीच उपाय काढला. मल्लाप्पाला पाळीच्या वेळेत फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर बसवायचं. परात संगीता चालवेल, रबरी हातमोजे घालून. भुकटीचं पोतं कामत स्वतः फोडतील, चिकट माती स्वतः तोलतील. गोळे गुळगुळीत निघाले की प्रश्न मिटला, मल्लाप्पाच गुन्हेगार.

संगीता मोजे चढवताना पुटपुटत होती. "मॅडम, हे काय झेंगाट नको हं मला. माझं अजून परमनंट व्हायचंय."

"तू फक्त परात चालव."

परात सुरू झाली. दुपारचं ऊन वरच्या काचेतून तिरकं आत येत होतं आणि त्यात भुकटीची तांबडी धूळ तरंगत होती. कामत एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, हाताची घडी घालून. मोहरी, वाटाणा, बोर. पहिले गोळे काठावरून उतरले. कामतांनी लांब दांड्याच्या झाऱ्याने ते थेट परातीच्या तोंडाशी झेलले.

त्यांनी झारा उन्हाच्या तिरिपेत धरला. 

एकूण एक गोळ्यावर अंगठा होता.

"अगं बाई..." संगीता मागे सरकली. "मी न्हाय हं! मोजं हाईत हातात, बगा!" तिने दोन्ही हात वर केले, पोलीस समोर असल्यासारखे.

कामतांनी परात थांबवायला लावली. तिच्या मागे पाहिलं, खाली वाकून पाहिलं, तळाला चिकटलेली भुकटी खरवडणारी पोलादी पट्टी बोटाने चाचपली. पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. घरंगळणाऱ्या गोळ्यांकडे मी टक लावून पाहत होते: परातीत ते गुळगुळीत गोल दिसत होते, आणि काठावरून उतरताना, उतरायच्या त्या निमिषात, खळगा असायचा. तो पडताना मला एकदाही दिसला नाही.

कामतांनी एका गोळ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, मावला नाही. संगीताला मोजा काढायला लावला. तिच्या अंगठ्याला ती तिरकी रेघ नव्हती. मग त्यांनी झारा माझ्यापुढे धरला. नुसत्या रिवाजापोटी, उरलेली एक म्हणून.

मी अंगठा ठेवला.

आपला चेहरा आपण आरशात रोज बघतो, अंगठा कोण बघतं? लहानपणी विळीवर नारळ खवताना माझा उजवा अंगठा कापला होता. व्रण जुना, पांढुरका. मी तो विसरूनही गेले होते. शिवाय ठसा उलटा असतो. व्रण एका बाजूला कललेला, ठशातली रेघ दुसऱ्या बाजूला, म्हणून आठवडाभर ती रेघ डोळ्यांसमोर असून मला ओळख पटली नाही. खळग्यात अंगठा टेकवला तेव्हा मात्र पाहण्याची गरज उरली नाही. रोजच्या चपलेत पाय जातो तसा तो आत गेला. रेघ व्रणात बसली. गोळा गार होता आणि जरासुद्धा दबला नाही, कारण दाबायला काही शिल्लकच नव्हतं.

कामतांनी माझा हात उजेडाकडे वळवला, व्रण पाहिला, दुसरा गोळा घेतला, तोही लावून पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

*

चहाच्या गाड्याशी मल्लाप्पा बाकड्यावर बसला होता, गुडघे हलवत. मला पाहून उठला.

"काय झालं अक्का? गुळगुळीत निगालं?"

"चाचणी चालू आहे, अण्णा."

"न्हाय निगालं न्हवं?" त्याचा चेहरा उजळला. "म्या सांगितलं हुतं! ए, अक्कास्नी च्या दे रे, आलं घालून!"

त्या चहाची चव मला लागली नाही. पुढे रस्त्यावरून उसाच्या मोळ्यांचा ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी बराच वेळ ऐकू येत राहिली. मग कामत फाटकाशी आले. त्यांच्या हातात बशी होती. मी जवळ गेले. बशीत ओले गोळे होते, तांबडे, चकचकीत, जराही डाग नसलेले.

"तुम्ही बाहेर आल्यापासूनचे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "एकालाही ठसा नाही. आता आत चला. हात मागे धरा आणि दारातच उभ्या राहा. मी तुमच्या शेजारी आहे."

मी हात मागे धरले. कामत खांद्याशी उभे राहिले, संगीता झारा घेऊन परातीपाशी. परात फिरली. आणि इथे जे झालं ते मी कामतांना त्या दिवशी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे. पाठीमागे, डाव्या मुठीत घट्ट धरलेल्या माझ्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला गार, ओलसर काहीतरी लागलं. कणीक भिजली का पाहताना लागतं तसं. लागलं, सुटलं, लागलं, सुटलं, काठावरून गोळे उतरत होते त्याच लयीत.

संगीताने झारा पुढे केला. तिने त्यात पाहिलं नाही, मान फिरवूनच धरला. त्यातल्या गोळ्यांवर पुन्हा तोच अंगठा होता.

हात पुढे घेतला तेव्हा तो स्वच्छ होता. कोरडा.

कामतांनी मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता. त्यात फिरणारी परात आणि तिच्याआड काहीतरी तांबूस, धूसर दिसतं. तेवढंच. तुम्हाला दाखवून उपयोग नाही.

*

माझ्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. कामतांनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"हिशेब जुळतो," ते म्हणाले. "तुम्ही आत यायच्या ते दुपारी, त्याच्या पाळीत. मधूनमधून. गेल्या आठवड्यात रोज आलात, तर रोज खळगे."

"पण आधीही मी येत होते. दुसऱ्या भुकटीचे गोळे असायचे तेव्हा कधी..."

"ते मला विचारू नका. मी काय लिहू ते सांगा." ते पुढे झुकले. "हे लिहिलं तर माझीच चौकशी लागेल. मल्लाप्पाने हाताने वळले, असं लिहिलं तर कुणी एक प्रश्न विचारणार नाही. पुरावा बशीत आहे. दोघांच्या सह्या लागतात."

"तो रस्त्यापलीकडे चहा पीत होता. तुम्ही स्वतः पाहिलंत."

"मग केलं कुणी? तुम्ही?"

त्या प्रश्नात थट्टा नव्हती. आठवडाभर मल्लाप्पाकडे ते ज्या नजरेने पाहत होते ती मला चांगली ओळखीची झाली होती. आता ती माझ्याकडे होती.  सही केली असती तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. बाहेर मल्लाप्पा मोठमोठ्याने कुणाला तरी सांगत होता, आता पावणं कसं हात जोडतंय बगा.

"माझा ठसा जुळतो असं लिहा," मी म्हणाले. "मी त्याखाली सही करते. त्याच्या नावाखाली करणार नाही."

कामतांनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं: भुकटी खरवडणारी पट्टी झिजल्यामुळे गोळ्यांवर खळगे पडत असल्याचे आढळले, यंत्रात दोष, चाचण्या रद्द समजाव्यात, भुकटी मुख्यालयाकडे पाठवावी, कुणाही कर्मचाऱ्याचा दोष आढळला नाही. मी सही केली. पट्टी झिजलेली नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. निघताना मी हात पुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात जोडून, पुरेसं अंतर ठेवून, नमस्कार केला.

उरलेली पोती गेली. नव्या पट्टीसह परात सुरू झाली, दुसऱ्या कुठल्या तरी खाणीच्या भुकटीवर. मल्लाप्पाचं नाव निष्कलंक राहिलं. मला वाटलं होतं, तो पेढे घेऊन येईल. तो आला नाही.

संगीताच्या पोटात काही राहत नाही.

आठ-दहा दिवसांनी मी चाचणीच्या खोलीकडे गेले तेव्हा मल्लाप्पा दारातच आडवा उभा होता, एक हात चौकटीवर टेकवून.

"काय काम हुतं, मॅडम?"

"काही नाही, अण्णा. सहज. सगळं सुरळीत झालं ना आता?"

"झालं की. माज्या परातीत दोष निगाला म्हनं." तो हसला, पण मोठ्याने नाही, त्याचा इतका खालचा आवाज मी प्रथमच ऐकला. "मी जेवाय गेलतो तवा येत हुतासा, का सकाळच्याला? कवा करत हुतासा ते तरी सांगा. राग न्हाय माजा. मला निस्तं कळूं दे."

"अण्णा, त्या चाचणीच्या आधी मी ओल्या गोळ्यांना कधी हातसुद्धा लावलेला नव्हता. तुम्हीच द्यायचात, मी नको म्हणायची."

"म्या बी त्येच सांगत हुतो की. म्या दाबल्यालं न्हाय, म्या दाबल्यालं न्हाय. लिंगाची आण घेटली. तवा तुमी माज्या तोंडाकडं बगत बसलासा, येक शबूद काडला न्हाईसा." तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. "मग आता म्या का ऐकू?"

"शेवटी मीच कामतांना म्हणाले..."

"व्हय. तुमचा आंगठा गावल्यावर."

आत परातीचा आवाज चालू होता. मल्लाप्पाने मला वाट दिली नाही, दारही लावलं नाही. मी वळेपर्यंत तसाच उभा राहिला.

यावर तुमच्यापैकी कुणी काही तर्क लढवतील. तो डोंगर, ती माती, माझं मन, माझा जुना व्रण. शाहूवाडीच्या त्या डोंगरावर मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, तिथे माझं कुणी राहत नाही, राहत नव्हतं. मुख्यालयात त्या भुकटीचे गोळे गुळगुळीत निघाले असं कळलं. तिथे मी नव्हते, हे खरं. पण मी असते तर काय झालं असतं हे पाहायला मला कुणी बोलावलेलं नाही, आणि बोलावलं तरी मी जाणार नाही. माझ्याजवळ स्पष्टीकरण नाही. ते असतं तर मी सगळ्यांत आधी ज्याला दिलं असतं, तो आता दुपारच्या चहाला माझ्या बाजूच्या बाकड्यावर बसत नाही.